अत्याचाराची घटना घडली तर : पहिल्या रात्रीपासून निकालापर्यंत काय करायचं

वस्तीवर दगडफेक झाली, लग्नाची मिरवणूक अडवून मारहाण झाली, गायरानातलं उभं पीक नांगरून टाकलं, जातीवरून शिव्या देत कुणाच्या अंगावर धावून गेले. अशा वेळी गावातून पहिला फोन वकिलाला जात नाही. तो जातो वस्तीतल्या शिकलेल्या पोराला, शाळेतल्या सरांना, बचत गटाच्या ताईंना. "चला ना आमच्यासंगं ठाण्यात." पहिल्यांदाच असं सोबत निघालेल्या माणसासाठी हा लेख आहे. मी मराठवाड्यात पीडित कुटुंबांबरोबर ठाणं, दवाखाना, समाजकल्याण आणि कोर्ट असे हेलपाटे घालत आले आहे. जे तिथं कुणी सांगत नाही, ते इथं लिहिते.

अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९, म्हणजे आपण ज्याला अ‍ॅट्रॉसिटी म्हणतो तो कायदा, कागदावर भक्कम आहे. २०१५ च्या दुरुस्तीनं तो आणखी भक्कम झाला. ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. तरीही खटले पडतात. माझ्या पाहण्यात ते मुख्यतः दोन जागी पडतात: पहिली फिर्याद मोघम लिहिली जाते तिथं, आणि खटला उभा राहीपर्यंत साक्षीदार एकटे पडतात तिथं. त्यामुळं या दोन गोष्टींवर मी जास्त लिहिलं आहे.

१. आधी माणसं सुरक्षित करा

हल्ला चालू असेल किंवा पुन्हा होईल असं वाटत असेल तर ११२ वर फोन करा. फोन कुणी, किती वाजता केला ते लिहून ठेवा. पुढं पोलीस उशिरा आले का, हा प्रश्न येतो तेव्हा हीच नोंद कामाला येते. अत्याचाराच्या तक्रारींसाठी १४५६६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तिथंही तक्रार नोंदवा. जखमी असेल तर त्याला आधी सरकारी दवाखान्यात न्या. फिर्याद दवाखान्यात येऊनही घेता येते. "आधी ठाण्यात या, मग बघू" हे ऐकून रक्त वाहणाऱ्या माणसाला ठाण्याच्या बाकावर बसवू नका.

२. कोणता कायदा लागू होतो ते पाहा

अ‍ॅट्रॉसिटी लागू व्हायला पीडित व्यक्ती अनुसूचित जाती किंवा जमातीची असावी लागते आणि आरोपी त्या दोन्हींतला नसावा लागतो. बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांना १९९० पासून अनुसूचित जातीचं संरक्षण आहे. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तिच्यावरून लोकांची फार निराशा होते. महाराष्ट्रातल्या अनेक भटक्या-विमुक्त जाती या कायद्याच्या बाहेर आहेत. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. भिक्षा मागत गावोगाव फिरणाऱ्या या माणसांना अनुसूचित जाती-जमातीचा दर्जा नाही, म्हणून अ‍ॅट्रॉसिटीचं संरक्षणही नाही.

अशा वेळी, किंवा धर्मावरून, भाषेवरून हल्ला झाला असेल तेव्हा, भारतीय न्याय संहिता उघडा. जुन्या आयपीसीच्या जागी १ जुलै २०२४ पासून ती लागू आहे. पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात किंवा समाज, भाषा, जन्मस्थान, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणावरून खून केला तर कलम १०३(२), आणि त्याच कारणानं गंभीर दुखापत केली तर कलम ११७(४). दोन समाजांत वैर पेटवणाऱ्या भाषणाला किंवा मेसेजला कलम १९६. "साधी मारामारी" म्हणून नोंद होत असेल तर हल्ल्याचं कारण काय होतं हे फिर्यादीत आलंच पाहिजे. मारताना ते काय बोलत होते त्यावरून ते दिसतं.

आणि जात पंचायतीनं किंवा गावकीनं वाळीत टाकलं असेल तर महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा आहे: सामाजिक बहिष्कारविरोधी अधिनियम, २०१६. तो जुलै २०१७ पासून लागू आहे आणि त्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. बहिष्कार टाकणारे आपल्याच जातीचे असले तरी तो लागू होतो.

३. फिर्याद : इथं घाई करू नका, पण उशीरही करू नका

जायचं त्याच दिवशी. तुम्ही थांबलात तर समोरचे आधी ठाण्यात पोचतात, तुमच्यावरच चोरीची, दरोड्याची किंवा विनयभंगाची फिर्याद देतात, आणि मग तुमची फिर्याद 'क्रॉस', म्हणजे त्यांच्या फिर्यादीला उत्तर म्हणून दिलेली, दिसू लागते. एकदा ठाण्यात बसलात की मात्र शब्द न् शब्द नीट लिहून होईपर्यंत उठायचं नाही.

फिर्यादी बाई किंवा माणूस घाबरलेला असतो. लिहून घेणारा अंमलदार आपल्या सवयीच्या भाषेत लिहितो. त्यातून असं वाक्य येतं: "आरोपींनी संगनमत करून फिर्यादीस जातिवाचक शिवीगाळ करून लाथाबुक्क्यांनी मारहाण केली." हे वाक्य हजारो फिर्यादींत आहे आणि कोर्टात ते टिकत नाही. शिवी कोणती, ती कुणी दिली, कुठं दिली, कुणासमोर दिली, यातलं काहीच त्यात नाही.

त्याऐवजी असं यायला हवं: "दिनांक अमुक रोजी संध्याकाळी सातच्या सुमारास मी मारुतीच्या पारासमोरून पाण्याची घागर घेऊन जात असताना गावातील अमुक हा समोर आला. त्या वेळी शेजारच्या चहाच्या टपरीवर अमुक, अमुक व इतर लोक बसलेले होते. तो मला मोठ्याने म्हणाला की…" आणि इथं त्याचे शब्द, जसेच्या तसे. घाण असले तरी. बाईला ते उच्चारताना लाज वाटते, तर तिच्याजवळ बसा, तिला पाणी द्या, वेळ द्या. हवं तर तिला कागदावर लिहू द्या. पण "असलं काय लिहायचं" म्हणून ते गाळू देऊ नका.

याचं कारण कायद्यात आहे. अपमानासाठी कलम ३(१)(आर) आणि जातीच्या नावानं शिवी देण्यासाठी कलम ३(१)(एस); दोन्हींत घटना 'लोकांच्या नजरेसमोर' घडलेली असावी लागते. घराच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणीच नसताना झालेली शिवीगाळ यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये म्हटलं आहे. म्हणून जागा आणि तिथं हजर असलेल्यांची नावं हाच फिर्यादीचा कणा आहे.

आणखी चार गोष्टी फिर्यादीत हव्यात.

आरोपीला तुमची जात माहीत होती हे. मारहाण, जाळपोळ, खून अशा गुन्ह्यांसोबत ३(२)(व्हीए) किंवा ३(२)(व्ही) लागतं तेव्हा हा मुद्दा कळीचा ठरतो. "आरोपी माझ्याच गावचा आहे, माझं घर बौद्धवाड्यात आहे हे त्याला माहीत आहे, त्याच्या शेतात मी कामाला गेले आहे" एवढं पुरतं. पीडिताची वैयक्तिक ओळख होती हे सिद्ध झालं की जात माहीत होती असं कोर्टानं गृहीत धरावं, असं कलम ८ सांगतं.

फिर्यादीची आणि आरोपीची जात. आरोपीची जात लिहिली नाही एवढ्यावरून गुन्हा रद्द होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे, तरी लिहाच.

मागचा वाद. विहीर, बांध, निवडणूक, प्रेमप्रकरण, जयंतीची मिरवणूक, जे असेल ते खरं सांगा. लपवलं तर बचाव पक्षाचा वकील तेच बाहेर काढतो आणि "हा जातीचा नाही, जमिनीचा वाद" म्हणून मांडतो.

प्रत्येकानं काय केलं ते वेगवेगळं. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या कुऱ्हाड, कुणी फक्त ओरडत होता. आणि जो तिथं नव्हता त्याचं नाव घालू नका. भावकीतला जुना राग काढायला म्हणून वस्तीतूनच दोन नावं सुचवली जातात. ठाम नकार द्या. एक खोटं नाव सिद्ध झालं की उरलेली खरी नावंही त्याच्यासोबत सुटतात.

लिहून झाल्यावर फिर्याद वाचून दाखवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. ऐका, चुकलेलं दुरुस्त करून घ्या, मगच सही किंवा अंगठा. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, ती घेऊनच निघा. कोणती कलमं लावली ते तिथंच बघा.

४. ठाण्यातले नेहमीचे अडथळे

"आधी चौकशी करू, मग गुन्हा." नाही. २० मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं प्राथमिक चौकशीची वाट उघडली होती. ते प्रकरण आपल्याच कराडमधलं. देशभर आंदोलन झालं, संसदेनं त्याच वर्षी कलम १८-ए आणलं आणि कोर्टानंही २०१९ मध्ये ते निर्देश मागं घेतले. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी लागत नाही आणि अटकेसाठी कुणाची मंजुरी लागत नाही.

"जातीचा दाखला आणा." दाखला तपासात आणि अर्थसहाय्यासाठी लागतो. तो नाही म्हणून गुन्हा नोंदवू नये अशी अट कायद्यात नाही.

"आमच्या हद्दीत येत नाही." कुठल्याही ठाण्यात झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता घेतलेली फिर्याद, होते.

"एनसी करून देतो." अदखलपात्र नोंदीवर सही करून घरी आलात की ती रात्र वाया गेली.

तरीही नाकारलं तर वाद घालत बसू नका. सगळी हकीकत कागदावर लिहा, जिल्हा पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालच्या १९९५ च्या नियमांतला नियम ५ आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचं) कलम १७३(४) हीच वाट सांगतात. त्यानंतरही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे त्याच संहितेच्या कलम १७५(३) खाली अर्ज. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकाला अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ खाली ६ महिने ते १ वर्ष कैदेची तरतूद आहे. ठाण्यात आवाज चढवण्यापेक्षा अर्जात हे कलम शांतपणे लिहिलेलं जास्त काम करतं.

५. मेडिकल, पंचनामा, मोबाइल

पोलिसांकडून मेडिकल यादी (तपासणीसाठी दवाखान्याच्या नावे पत्र) घेऊन सरकारी दवाखान्यात तपासणी करा. डॉक्टर "काय झालं?" विचारतात तेव्हा "पडलो" म्हणू नका; कशानं, कुणी मारलं ते सांगा, कारण ते केसपेपरवर उतरतं. मुका मार दुसऱ्या दिवशी काळानिळा होतो. तो दिसला की पुन्हा जा.

घटनास्थळाच्या पंचनाम्याला हजर राहा. फुटलेले पत्रे, सांडलेलं धान्य, जळालेले कपडे पंचनामा होईस्तोवर आवरू नका. रक्ताचा शर्ट धुऊ नका, कागदात गुंडाळून पोलिसांकडे द्या आणि जप्तीची नोंद मागा.

व्हिडिओ ज्या मोबाइलवर काढला तो मोबाइल जपा. कापाकापी करू नका, मूळ फाइल पुसू नका. आणि तो गटागटांत फिरवू नका. त्यानं गाव पेटतं आणि पुराव्याचं मोल कमी होतं. लैंगिक अत्याचार असेल तर पीडितेची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे. "न्याय मिळवून द्या" म्हणून तिचा फोटो टाकणारेही त्यात सापडतात.

नियम ७ प्रमाणे तपास डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असतो, शहरात एसीपीकडे (सहायक पोलीस आयुक्तांकडे). ६० दिवसांत दोषारोपपत्र (चार्जशीट) कोर्टात जायला हवं. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

६. एक पिशवी करा

कापडी चालेल, पण एकच, आणि ती कुणाकडं राहणार हे ठरवा. तिच्यात: एफआयआरची प्रत, जातीचा दाखला, आधार, बँक पासबुक, केसपेपर आणि जखमांचे दाखले, जखमांचे व नुकसानीचे फोटो, जमिनीचा वाद असेल तर सातबारा, पोस्टाच्या पावत्या, पोहोच घेतलेल्या सगळ्या अर्जांच्या प्रती. सोबत एक शंभर पानी वही: कधी, कुणाला, कशासाठी भेटलो. कोणताही अर्ज दोन प्रतींत न्यायचा आणि आपल्या प्रतीवर शिक्का-सही घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही.

७. अर्थसहाय्य

ही भीक नव्हे, नियम १२ नुसार हक्क आहे. प्रस्ताव समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयातून जातो. २०१६ मध्ये दुरुस्त झालेल्या नियमांनुसार गुन्ह्याप्रमाणे ८५ हजारांपासून ८ लाख २५ हजारांपर्यंत रक्कम आहे. शिवीगाळ-अपमानासाठी १ लाख: पाव हिस्सा एफआयआरनंतर, निम्मा दोषारोपपत्रानंतर, उरलेला शिक्षा झाल्यावर. खून झाला असेल तर निम्मी रक्कम शवविच्छेदनानंतर, निम्मी दोषारोपपत्रानंतर. शिवाय विधवेला किंवा अवलंबितांना मासिक निवृत्तिवेतन. तातडीची मदत ७ दिवसांत द्यायची असते.

फाइल अडली की जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीकडे जा. तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हावी असा नियम आहे. झाली नसेल तर माहिती अधिकारात गेल्या वर्षाची इतिवृत्तं मागा.

पैसे आले की गावात बोललं जातं: "पैशासाठी केस केली." ते होणारच आहे. कुटुंबाला आधीच सांगून ठेवा, म्हणजे ते खचत नाहीत.

८. "गावात बसून मिटवू"

पहिल्या आठवड्यात हे येतं. सरपंच येतात, पाहुणे येतात, कधी आपल्याच समाजाचा पुढारी येतो. लेकरांची शाळा, पुढचं जगणं, सगळं समोर मांडलं जातं. निर्णय कुटुंबाचा आहे, तुमचा नाही. त्यांना गावात राहायचं आहे. तुमचं काम एवढंच की निर्णय भीतीपोटी होऊ नये, आणि कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही होऊ नये.

धमकी आली तर तीही वेगळी तक्रार आहे. कलम १५-ए(९) नुसार पीडित किंवा साक्षीदारानं दिलेली दमदाटीची तक्रार, तोंडी असली तरी, पोलिसांनी नोंदवून प्रत द्यायची आहे.

मिटलं नाही की बहिष्कार सुरू होतो. कुणी जाहीर करत नाही. गिरणीवाला "आज बंद आहे" म्हणतो, किराणावाला उधारी थांबवतो, मजुरीला बोलावणं येत नाही, शाळेची जीप दाराशी थांबत नाही. हा ३(१)(झेडसी) खालचा गुन्हा आहे, पण एकेक घटना क्षुल्लक वाटते म्हणून कुणी लिहीत नाही. त्या शंभर पानी वहीत रोज लिहा: तारीख, दुकान, कोण गेलं होतं, काय उत्तर मिळालं, सोबत कोण होतं. पंधरवड्याच्या नोंदी एकत्र वाचल्या की गावाचं वागणं उघडं पडतं आणि तहसीलदारांना ते टाळता येत नाही.

९. जामिनाच्या दिवशी कोर्टात असा

कलम १८ मुळं या कायद्यात अटकपूर्व जामीन मिळत नाही; मात्र फिर्यादीवरून प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर कोर्ट तो देऊ शकतं, असं २०२० च्या निकालात म्हटलं आहे. मोघम फिर्यादीचा फटका इथंही बसतो. प्रत्येक जामीन अर्जाची नोटीस पीडिताला मिळालीच पाहिजे आणि त्याचं म्हणणं ऐकलंच पाहिजे, हे कलम १५-ए(३) आणि (५) सांगतं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते बंधनकारक ठरवलं.

खैरलांजी आठवा. मारहाणीच्या एका प्रकरणात त्या घरातल्या मायलेकींनी जबाब दिला होता. आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच दिवशी, २९ सप्टेंबर २००६ ला, त्या दोघींसह घरातल्या चौघांचा जीव घेतला गेला. आरोपी कधी सुटतोय हे कुटुंबाला माहीत असणं किती मोलाचं, हे त्यावरून कळतं. सुटण्याची शक्यता दिसली की संरक्षणाचा लेखी अर्ज कोर्टात आणि अधीक्षकांकडे त्याच दिवशी द्या.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कुठल्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. सरकारी वकिलावर भरवसा नसेल तर नियम ४(५) खाली नामांकित वकील नेमण्याची मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते.

१०. साक्षीदार

दोषारोपपत्रानंतर दोन महिन्यांत खटला संपवायचा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षं जातात, आणि याच वर्षांत साक्षीदार फिरतात. नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात २८ एप्रिल २०१४ ला सतरा वर्षांच्या दलित मुलाचा दिवसाढवळ्या खून झाला. राज्यभर मोर्चे निघाले. २०१७ च्या नोव्हेंबरात आरोपी निर्दोष सुटले. अनेक साक्षीदार फितूर झाले होते. त्याच जिल्ह्यातल्या सोनईच्या तिहेरी हत्याकांडात मात्र २०१८ मध्ये नाशिकच्या कोर्टात सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली गेली.

साक्षीदार फितूर झाला की त्याला शिव्या घालणं सोपं असतं. पण तो त्यांच्याच शेतात कामाला जातो, त्यांच्याच डेअरीला दूध घालतो. त्याला वर्षानुवर्षं कुणी विचारलेलं नसतं. म्हणून महिन्यातून एकदा तरी त्याच्या घरी जा. खटल्याचं बोलायलाच पाहिजे असं नाही; पोराची फी भरली का, आजारपण काय, एवढं विचारा. फिरतीवर ऊसतोडीला जाणारा असेल तर त्याचा आणि मुकादमाचा नंबर घेऊन ठेवा, समन्स निघतं तेव्हा तो कारखान्यावर असतो.

महत्त्वाच्या साक्षीदाराचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली नोंदवण्याची मागणी लवकर करा. साक्षीला यायचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी नियम ११ प्रमाणे मिळते. हे साक्षीदारांना माहीत नसतं, अर्ज तुम्ही भरून द्या. साक्षीच्या आधी त्याला त्याचाच जबाब वाचून दाखवा. पढवू नका. "आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा, बघितलं असेल ते सांगा" एवढंच. पहिल्यांदा कोर्टात येणाऱ्याला पिंजरा कुठं, न्यायाधीश कुठं बसतात, प्रश्न कोण विचारतं, हे आधी एकदा नेऊन दाखवा. फार भीती त्यानंच जाते.

११. निकालानंतर

शिक्षा झाली तर अर्थसहाय्याचा शेवटचा हप्ता मागा. आरोपी सुटले तर कलम १४-ए खाली उच्च न्यायालयात अपील करता येतं. मुदत निकालापासून ९० दिवसांची आहे. निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज त्याच दिवशी, कोर्टाच्या आवारातून बाहेर पडण्याआधी द्या. खटल्यावर कलमं कोणती टिकली, कोणती पडली आणि का, हे निकालपत्रातून वकिलाकडून समजून घ्या. खैरलांजीत खुनाची शिक्षा झाली, पण अ‍ॅट्रॉसिटीची कलमं कोर्टानं मान्य केली नाहीत. अपिलाचा पहिला मुद्दा बहुधा अशाच ठिकाणी सापडतो.